नको कोण, हे कुणी विचारतच नाही

आमच्या सोसायटीत संध्याकाळी साडेसहाला बाकावर बैठक बसते. पाण्याच्या टँकरपासून लिफ्टच्या बिलापर्यंत कशावरही तिथं एकमत होत नाही. अपवाद फक्त एका वाक्याचा: "सगळे एकाच माळेचे मणी."

यंदाच्या जानेवारीत, महापालिकेच्या मतदानाआधी, हे वाक्य रोज निदान दोनदा कानावर यायचं. वैतागायला कारणही होतं. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचं मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळपास चार वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. खड्ड्यात गाडी आदळली तर शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या हेही कळेना. त्याच काळात राज्यातले दोन मोठे पक्ष फुटून त्यांचे चार झाले. त्यात आमचा प्रभाग चार जणांचा, म्हणजे प्रत्येकानं चार मतं द्यायची. शेजारचे काका शाळेतल्या मतदान केंद्रातून बाहेर आले ते करवादतच: "मला एक पसंत पडेना, आणि हे म्हणतात चार निवडा."

हा राग माणसांच्या वागण्याचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यातला बराच भाग मतं मोजायच्या पद्धतीतून येतो. तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

आधी ती माळ आणि मणी. १९२९ मध्ये हॅरॉल्ड होटेलिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं दुकानांबद्दल एक साधा प्रश्न मांडला. आपण तो लक्ष्मी रोडवर आणू. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सारखी वस्ती, आणि उसाच्या रसाच्या दोन गाड्या. भाव एकच, चव एकच. गिऱ्हाईक जवळच्या गाडीवर जाणार. (लक्ष्मी रोडवर हातगाडी उभी करून दाखवाच, असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं, ही गणितातली गाडी आहे.) लोकांच्या पायांना सोयीचं काय? एक गाडी रस्त्याच्या पहिल्या पावावर, दुसरी पाऊण अंतरावर. पण पहिला गाडीवाला विचार करतो: मी जरा मध्याकडे सरकलो तर माझ्या मागचं गिऱ्हाईक कुठं जाणार आहे? ते माझंच. पुढचं थोडं मात्र फोडता येईल. दुसराही हेच करतो. असं सरकत सरकत दोघं भर मध्यावर, पाठीला पाठ लावून उभे राहतात. धंदा पूर्वीसारखाच निम्मा-निम्मा. फक्त दोन टोकांच्या लोकांची तंगडतोड वाढली.

अँथनी डाउन्स या दुसऱ्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९५७ मध्ये हा रस्ता राजकारणात नेला. गाड्यांच्या जागी पक्ष, घरांच्या जागी मतदारांची मतं. दोनच मोठे पक्ष असतील तर दोघंही मधल्या मतदारामागे धावतात आणि त्यांचे जाहीरनामे एकमेकांची झेरॉक्स वाटू लागतात. म्हणजे बाकावरचं वाक्य चहाटळ नाही, त्याला सिद्धांताचा आधार आहे! अर्थात टोकाची माणसं कंटाळून "एवढं चालायचं तर रस नकोच" म्हणून घरी बसू लागली की हे गणित बिघडतं. तिसरी गाडी आली की आणखीच बिघडतं: तिघांनाही स्वस्थ उभं राहता येईल अशी जागाच उरत नाही, कुणी ना कुणी सारखं हलत राहतं. आपल्याकडच्या युत्या-आघाड्या आठवल्या तर हे पटायला जड जाऊ नये.

तिसऱ्या गाडीचा खरा खेळ मोजणीत दिसतो. चिंचवडची फेब्रुवारी २०२३ मधली पोटनिवडणूक घ्या. भाजपच्या अश्विनी जगताप यांना सुमारे १ लाख ३५ हजार मतं, राष्ट्रवादीच्या नाना काटे यांना ९९ हजारांच्या पुढे, आणि बंडखोरी करून अपक्ष उभ्या राहिलेल्या राहुल कलाटे यांना ४४ हजारांच्या पुढे. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज पहिल्यापेक्षा जवळपास आठ हजारांनी जास्त. लगेच "मतं फुटली म्हणून निकाल फिरला" असा निष्कर्ष निघाला. मला तो घाईचा वाटतो. कलाटेंच्या मतदारांची दुसरी पसंती नाना काटेंनाच होती, हे कुठं लिहिलंय? त्यातले काही जगतापांकडे गेले असते, काही घरीच बसले असते. खरी गंमत ही की ते कधीच कळणार नाही, कारण यंत्रानं त्यांना ते विचारलंच नाही.

दुखणं नेमकं इथं आहे. आपली मतपत्रिका एकच प्रश्न विचारते: सगळ्यात आवडतं कोण? वैतागलेल्या माणसाला नेमकं याचंच उत्तर येत नसतं. त्याला पक्कं ठाऊक असतं ते नकोसं कोण, आणि त्यातल्या त्यात चालेल कोण. ही माहिती मतपेटीत जातच नाही. मग "मत वाया जाऊ नये" म्हणून तो आवडत्याला सोडून नावडत्याला पाडू शकेल अशा कुणाला तरी मत देतो. निवडून आलेला मात्र ते सगळं प्रेम समजून हार घालून घेतो.

बाकावर मी याचा एक प्रयोग केला. रविवारच्या नाश्त्याला नऊ जण होते आणि पर्याय तीन: मिसळ, पोहे, साबुदाण्याची खिचडी. प्रत्येकाला तिन्ही पसंतीक्रम चिठ्ठीवर लिहायला लावले. चौघांनी लिहिलं: मिसळ, पोहे, खिचडी. तिघांनी: खिचडी, पोहे, मिसळ. दोघांनी: पोहे, खिचडी, मिसळ.

आपल्या नेहमीच्या पद्धतीनं मोजलं तर मिसळ चार, खिचडी तीन, पोहे दोन. मिसळ विजयी. पण चिठ्ठ्या पुन्हा बघा: नऊपैकी पाच जणांनी मिसळ शेवटी टाकली आहे. त्यातल्या दोघांना पित्ताचा त्रास. बहुसंख्यांना जे सर्वांत नको, तेच सर्वांच्या ताटात.

आता दुसरी पद्धत. सर्वांत कमी पहिली पसंती पोह्यांना, म्हणून पोहे बाद. त्या दोघांची पुढची पसंती खिचडी, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या तिकडे. खिचडी पाच, मिसळ चार. खिचडी विजयी!

तिसरी पद्धत: दोघादोघांची कुस्ती लावायची. पोहे विरुद्ध मिसळ, पोहे पाच-चारने पुढे. पोहे विरुद्ध खिचडी, पोहे सहा-तीनने पुढे. म्हणजे पोहे दोघांनाही चीत करतात, आणि पहिल्या दोन पद्धतींत ते तळाला होते. पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसरीला एक, तिसरीला शून्य दिले तरी हेच: पोहे ११, मिसळ ८, खिचडी ८.

नऊ माणसं तीच, चिठ्ठ्या त्याच, विजेते तीन. "जनतेचा कौल" हा शब्द ऐकला की मला हल्ली या चिठ्ठ्या आठवतात.

गुणांची पद्धत फ्रान्सच्या बोर्दानं १७७० मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीपुढं मांडली, आणि कुस्तीची पद्धत तिथल्याच काँदोर्सेनं १७८५ मध्ये. दोघांचं एकमेकांशी पटत नसे. काँदोर्सेलाच आपल्या पद्धतीतली खोच सापडली: कधीकधी क हा ख ला हरवतो, ख हा ग ला, आणि ग उलटून क ला. चक्र फिरतच राहतं. १९५१ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ केनेथ अॅरो यांनी तर दारच लावून घेतलं. पर्याय तीन किंवा अधिक असतील, तर पसंतीक्रमांवरून सर्वांचा मिळून एक क्रम काढणारी आणि चारदोन साध्या न्याय्य अटी कायम पाळणारी कोणतीही पद्धत असूच शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. एकट्या हुकूमशहाची पसंती प्रमाण मानली तरच त्या बाकीच्या अटी जुळतात. १९७२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण म्हणून काही सगळ्या पद्धती सारख्याच वाईट ठरत नाहीत. पसंतीक्रम लिहून घेणारी पद्धत निदान जास्त ऐकून घेते. आणि ती परदेशातून आणावी लागणार नाही. राष्ट्रपती तिनंच निवडले जातात (तिथं खासदार-आमदार मत देतात, आणि प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं). १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची सुमारे ४ लाख १ हजार मतमूल्यं मिळाली, संजीव रेड्डी यांना ३ लाख १३ हजार, आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख, यांना १ लाख १२ हजार. निम्म्याचा आकडा कुणीच गाठला नव्हता. देशमुख बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजली. ती बरीचशी रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४ लाख २० हजारांवर पोचून निसटते जिंकले.

तेवढंही लांब नको. विधान परिषदेचा पुणे पदवीधर मतदारसंघ आहेच: पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर. तिथं यंत्र नसतं, कागद असतो. केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केचपेन हातात देतात आणि उमेदवारापुढच्या चौकटीत १, २, ३ लिहायचं. पहिली पसंती लिहिलीच पाहिजे, पुढच्या ऐच्छिक. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा कोटा. कुणी गाठला नाही की तळाचा उमेदवार बाद आणि त्याचे गठ्ठे उलगडून पुढच्या पसंतीनुसार वाटायचे, तासन्‌तास. इथं मतदार सगळे पदवीधर, आणि तरी हजारो मतं बाद होतात: कुणी बरोबरची खूण करतं, कुणी सही ठोकतं, कुणी दोघांपुढे १ लिहितं. क्रमानं राग मांडण्याची सोय दिली तर आपण ती अशी वापरतो, हे मान्य करायला हवं.

मग 'नोटा'चं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण आलं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये इंदूर लोकसभेत त्याला २ लाख १८ हजार मतं पडली आणि तिथंही तो दुसरा. पण लोकसभा-विधानसभेत तो पहिला आला असता तरी फरक पडला नसता. त्याच्या खालचा उमेदवार विजयी. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरता वेगळा आदेश काढला: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. कल्पना चांगली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. नोटा सगळ्यांना एकाच मापानं 'नको' म्हणतो, आणि बाकावरचा कुणीही सगळ्यांवर सारखा रागावलेला नाही. अर्धा तास बोलू दिलं की प्रत्येकाची क्रमवारी बाहेर येते.

सगळ्यात मोठा गट मात्र घरी बसतो. २०१९ च्या लोकसभेला पुण्यात निम्मंही मतदान झालं नव्हतं, ४९.८४ टक्के. एका मतानं निकाल फिरण्याची शक्यता इतकी नगण्य, की हिशेबी माणसानं घरी बसणंच बरोबर, असं डाउन्सचं गणित सांगतं. तरी कोट्यवधी लोक जातात, ते का? मिशिगन राज्यात २००६ मध्ये १ लाख ८० हजार घरांवर एक प्रयोग झाला. काहींना "मतदान हे कर्तव्य आहे" असं पत्र, काहींना काहीच नाही. एका गटाला मात्र शेजाऱ्यांची यादी धाडली: गेल्या वेळी कोण मतदानाला गेलं, कोण नाही, आणि निवडणुकीनंतर पुन्हा अशीच यादी येईल. (तिकडे मत कुणाला दिलं हे गुप्त असतं, दिलं की नाही हे नसतं.) पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के, कर्तव्यवाल्यांत ३१.५, शेजाऱ्यांच्या यादीवाल्यांत ३७.८. कर्तव्यापेक्षा शेजारी भारी! पाट्या लावून शेजाऱ्याला वळण लावण्याची परंपरा असलेल्या गावाला हे नवं नसावं.

पदवीधर मतदारसंघाची मुदत २०२६ च्या अखेरीस संपतेय. तिथली यादी दरवेळी कोऱ्या पाटीवरून होते, जुनं नाव आपोआप चालत नाही. हे सांगितल्यावर काकांनी कपाळाला हात लावला, आणि मग हळूच विचारलं, "फॉर्मला डिग्रीची झेरॉक्स चालते का?" त्यांना शेवटचा आकडा कुणापुढे लिहायचा ते आताच ठरलेलं आहे. पहिल्याचं बघू, म्हणाले.

रविवारी आम्ही पोहे केले. मिसळवाल्या चौघांनी येताना डब्यातून तर्री आणली होती.