टॉरंटमधले फुकटे आणि दर दहा सेकंदांचा हिशेब

टॉरंट म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांतून थेट फाइल घेण्या-देण्याची सोय. ‘त्यात अपलोड शून्यावर टाका, डाऊनलोड सुसाट येईल’ हा सल्ला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हार्डडिस्क घेताना आजही फुकटात मिळतो. त्यात तथ्य एवढंच, की अपलोडची वाट पार तुंबली तर ‘माल पोचला’ ही पावती पाठवायलाही जागा उरत नाही आणि डाऊनलोड रखडतं. म्हणून अपलोडला लगाम घालावा, पण ते बंद करू नये.

नुसतं घ्यायचं, द्यायचं काहीच नाही, हा फुकटेपणा जुनाच. 2000 साली नुटेला या फाइल वाटणाऱ्या नेटवर्कची पाहणी झाली, तेव्हा जवळपास 70 टक्के लोक एकही फाइल वाटत नव्हते. काझा या तशाच दुसऱ्या नेटवर्कने मग सहभागाचे गुण सुरू केले. पण गुण मोजणार ज्याचा त्याचाच संगणक! लोकांनी सॉफ्टवेअर बदलून पैकीच्या पैकी गुण लावून घेतले.

टॉरंट ज्यावर चालतं, त्या ब्रॅम कोहेनच्या बिटटोरंटमध्ये (2001) गुणपत्रिकाच नाही. समजा, लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची एकच मोठी फाइल) उतरवताय. तिचे तुकडे शेकडो जणांकडे विखुरलेले. तुमचा संगणक फक्त आपल्याला कोण किती वेगाने देतंय ते मोजतो. दर 10 सेकंदांनी हिशेब होतो. मूळ रचनेत सगळ्यात जास्त देणाऱ्या चौघांना माल, बाकीच्यांना थांबा. लोकलमध्ये टीसी क्वचित दिसतो, इथे प्रत्येक प्रवासीच टीसी. मोजमाप स्वतःच्याच वायरवरचं, त्यामुळे कुणाच्या शब्दावर विसंबायला नको.

पण नवख्याकडे द्यायला काहीच नसतं. म्हणून दर 30 सेकंदांनी एक जागा चिठ्ठी टाकल्यासारखी कुणालाही मिळते. त्याला सुरुवात करता येते, देणाऱ्याला कदाचित आधीच्यापेक्षा चांगला जोडीदार सापडतो. पुढे हा नवखा सर्वांत दुर्मीळ तुकडे आधी उचलतो, कारण सगळ्यांकडे आहे ते देऊ केलं तर बदल्यात काय मिळणार?

2019 मध्ये बिटटोरंटच्या नावाने क्रिप्टो-नाणंही निघालं: टोकन मोजा, वेग घ्या. त्याआधीची 18 वर्षं हा व्यवहार एका पैशाविना चाललाच होता.

फटी आहेतच. 2006 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी ‘बिटथीफ’ लिहून दाखवलं. ते शेकडो जणांशी जोडून घेतं, चिठ्ठीतल्या जागा गोळा करतं, स्वतः काही देत नाही आणि तरी फाइल पूर्ण उतरवतं. शिवाय फाइल पूर्ण झाल्यावर थांबून वाटत राहण्याचं बक्षीस या नियमांत नाहीच. त्यासाठी खासगी ट्रॅकर (कुणाकडे कोणती फाइल आहे हे फक्त सदस्यांना सांगणारे सर्व्हर) प्रत्येक सदस्याच्या अपलोड-डाऊनलोडचं प्रमाण बघतात. मात्र तो आकडा पुन्हा सदस्याचंच सॉफ्टवेअर कळवतं, त्यामुळे काझातली लबाडी तिथेही चालते आणि ती पकडायला माणसं बसवावी लागतात.