माळ्यावरचा कॅल्क्युलेटर

चवथीच्या साफसफाईत फोंड्याच्या मामांच्या माळ्यावरून सत्तरच्या दशकातला एक कॅल्क्युलेटर खाली आला. विजेवर चालणारा, उचलला तर इस्त्रीसारखा जड. "चिप गेली असणार, घाल भंगारात," मामा म्हणाले. म्हटलं, मामा, थांबा जरा. अशा यंत्रात चिपच्या आधी पॉवर सप्लाय मान टाकतो.

इतकी वर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नये. मध्ये सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच यंत्रात जाईल असा, ४० वॉटचा साधा पिवळा, तारेचा बल्ब घ्यावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. आमचा बल्ब जेमतेम लालसर झाला, म्हणून बल्ब काढून थेट वीज दिली. खिडकी लावून घेतल्यावर निळसर-हिरवे आकडे दिसले, पण पुसट आणि लुकलुकणारे.

हे आकडे काचेच्या निर्वात नळीत उमटतात. जपानमध्ये १९६७ साली निघालेली ही युक्ती. केसासारख्या तारा तापून इलेक्ट्रॉन सोडतात, ते फॉस्फरच्या पट्टीवर आदळले की पट्टी उजळते. तारा तापवायला दोन-चार व्होल्ट पुरतात, इलेक्ट्रॉन खेचून घ्यायला मात्र वीस-तीस व्होल्ट लागतात. एकच आकडा अंधूक असेल तर संशय नळीवर किंवा तिच्या जोडणीवर घ्यावा. इथे सगळेच सारखे मरगळलेले, म्हणजे पुरवठ्यातच खोट.

मीटर लावला. पंचविसाच्या आसपास हवेत तिथे चौदा. मीटर एसीवर, म्हणजे चढउतार मोजायच्या खुणेवर, फिरवला तर त्याच तारेवर चार व्होल्टची थरथर! घरची २३० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उतरून, एकाच दिशेने वीज सोडणाऱ्या डायोडमधून जाते, तेव्हा ती सेकंदाला शंभर उसळ्या घेते. नळाला तासभरच पाणी येतं, पण टाकीमुळे दिवसभर पुरतं. उसळ्या सपाट करणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ही तशीच टाकी. आतला द्राव वर्षानुवर्षं सुकत गेला की टाकी आक्रसते. आमच्याकडचा वरून अगदी ठाकठीक होता, ना फुगलेला, ना गळलेला. नुसतं बघून निदान करणारे इथेच फसतात.

प्लग काढून, साठलेला चार्ज उतरवून, जुन्याच्या पायांना समांतर नवा कपॅसिटर डागला: मायक्रोफॅरड (टाकीचं माप) तेवढेच, व्होल्ट थोडे जास्त, अधिक-उणे दोनदा तपासून. आकडे टच्च उजळले. मग जुना उपसून टाकला.

खिशातल्या मॉडेलांची दुखणी वेगळी. त्यांतली निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तो अल्कधर्मी द्राव तांब्याच्या रेघा खातो. गोव्याच्या दमट हवेत तर जास्तच. कापसाने व्हिनेगर लावलं की पांढरी पूड फसफसते, पण तुटलेली रेघ वायरीनेच सांधावी लागते.

संध्याकाळी मामांनी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाची बेरीज केली. आधी यंत्रावर, मग बोटांवर.