पीएम विद्यालक्ष्मी शैक्षणिक कर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाआधीचा हिशेब

बँकेत जाण्याआधी कॉलेजचं नाव यादीत शोधा. 6 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर झालेल्या या योजनेतलं विनातारण, विनाजामीन कर्ज ठरावीक संस्थांपुरतंच आहे: एनआयआरएफच्या (उच्च शिक्षण संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीच्या) एकूण, गटवार किंवा विषयवार यादीतल्या पहिल्या 100, राज्य सरकारच्या 101 ते 200 मधल्या आणि केंद्र सरकारच्या सर्व. प्रवेश गुणवत्तेवर हवा, मॅनेजमेंट कोटा चालत नाही. कॉलेज यादीत नसेल तर नेहमीचं शैक्षणिक कर्ज आहेच. त्यात साधारणपणे 4 लाखांपर्यंत तारण नाही आणि मार्जिनही (आपल्या वाट्याची रक्कम) नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी 5 टक्के, परदेशातल्यासाठी 15 टक्के रक्कम आपली घालायची. साडेसात लाखांवर बँका सहसा तारण मागतात.

व्याजाच्या सवलतीचं गणित वेगळं आहे आणि चूक इथेच होते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर, अभ्यासक्रम अधिक एक वर्ष या काळात, 3 टक्के व्याज सरकार भरतं. मात्र दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीला पात्र असणाऱ्यांना ही सवलत नाही.

समजा, दरवर्षी सुरुवातीला 1 लाख उचलले, चार वर्षांत 4 लाख. दर 10 टक्के धरला तर हप्ते सुरू होईपर्यंत सरळव्याज 50, 40, 30 आणि 20 हजार, म्हणजे 1,40,000 रुपये होतं. सवलतीने त्यातले 42,000 वाचतात, तेही चार-पाच वर्षांत मिळून. उलट महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या राजर्षी शाहू योजनेत 80,000 ट्यूशन फीचे निम्मे, म्हणजे 40,000, एकाच वर्षात सुटतात. महाराष्ट्रात 8 लाखांच्या आतल्या पात्र मुलींना तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण ट्यूशन फी माफ आहे. तेव्हा आधी महाडीबीटी, मग उरलेल्या खर्चापुरतंच कर्ज. 3 टक्क्यांच्या मोहात शिष्यवृत्ती सोडणं हा आतबट्ट्याचा व्यवहार, कारण तिला पात्र असाल तर ती सोडूनही ही सवलत मिळत नाही.

अर्ज पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरायचा. सोबत आधार, पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटी स्कोअरकार्ड, कॅपचं (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, कॉलेजच्या लेटरहेडवर वर्षवार फीचं पत्रक, आणि सहकर्जदार पालकाचं पॅन, आयटीआर किंवा फॉर्म 16 व सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, पगाराची स्लिप पुरत नाही. एक वर्षाचा दाखला 31 मार्चला संपतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या प्रवेशाला गेल्या वर्षीचा कागद घेऊन गेलात तर परत सेतूची रांग.

फाइल अडते ती बहुधा किरकोळ गोष्टींवर. आधारवर ‘सुरेश रामचंद्र’, गुणपत्रिकेवर नुसतं ‘सुरेश आर.’ असा फरक आधीच मिटवा. फीच्या पत्रकात हॉस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप वेगळे दाखवून घ्या. नुसता एकूण आकडा दिला तर बँक बहुतेक वेळा फक्त ट्यूशन फीच धरते. पालकाचा जुना क्रेडिट कार्डाचा थकलेला हप्ता सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) दिसतो, तो मिटवून बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) जोडा. शाखेने तोंडी नाही म्हटलं तर नकार कारणासह लेखी मागा. तो पोर्टलवरही दिसायला हवा.

मंजुरीनंतर फीचे पैसे कॉलेजच्या खात्यात टप्प्याटप्प्याने जातात. कॅपच्या मुदतीत पदरचे भरले असतील तर पावती जपा, ते परत मिळतील का हे मंजुरीआधीच विचारा. पुढच्या वर्षाच्या हप्त्यासाठी मागच्या वर्षाची गुणपत्रिका द्यावी लागते, आणि शिक्षण मध्येच सोडलं की व्याजाची सवलतही थांबते.