टीव्हीच्या रिमोटने केबल बॉक्सचे नियंत्रण

दूरचित्रवाणी संचासोबत मिळालेल्या रिमोटनेच केबलचा किंवा उपग्रह वाहिन्यांचा सेट-टॉप बॉक्स चालू-बंद करणे, वाहिनी बदलणे व बॉक्सच्या मेनूतून फिरणे. हे तीन मार्गांनी साधते : बॉक्सला समजणारे संकेत रिमोटमध्येच साठवलेले असतात, किंवा संच आपल्याकडे आलेली आज्ञा एचडीएमआय तारेतून बॉक्सकडे धाडतो, किंवा संचाला जोडलेला छोटा अवरक्त (इन्फ्रारेड) उत्सर्जक बॉक्सच्या तोंडाशी चिकटवून त्याच्याकरवी आज्ञा दिली जाते. बॉक्सच्या रिमोटला संचाची बटणे शिकवणे ही उलट दिशेची सोय अधिक प्रचलित असली, तरी तिचा येथे प्रसंगापुरताच उल्लेख केला आहे.

पूर्वपीठिका : दुरून यंत्र चालवण्याची कल्पना दूरचित्रवाणीहून जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओ तरंगांनी चालणारी छोटी होडी दाखवली होती. घरगुती दूरचित्रवाणी संचासाठी झेनिथ कंपनीने १९५० मध्ये काढलेला ‘लेझी बोन्स’ तारेने जोडलेला होता. बिनतारी रिमोटचा मान कोणाचा, याविषयी मात्र बराच काळ वाद होता. त्याच कंपनीतील यूजीन पॉली यांनी १९५५ मध्ये ‘फ्लॅश-मॅटिक’ तयार केला. संचाच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाशविद्युत् घट बसवलेले असत आणि हातातल्या बॅटरीचा झोत ज्या कोपऱ्यावर पडेल ते काम होई. अडचण उन्हाची होती. खिडकीतून आलेला प्रकाशही घटांना आज्ञेसारखाच वाटे. १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांच्या ‘स्पेस कमांड’ने प्रकाश सोडून श्राव्यातीत, म्हणजे कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा आधार घेतला. बटण दाबले की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे. प्रत्येक दांडीची कंप्रता (फ्रीक्वेन्सी) निराळी, ४० किलोहर्ट्‌झच्या आसपासची. या रिमोटला विद्युत् घट लागत नसे. संचात मात्र तो ध्वनी ओळखण्यासाठी जादा निर्वात नलिका बसवाव्या लागत व त्यामुळे संच महाग होई.

अनेक जुन्या लेखांत ॲडलर यांनाच रिमोटचे जनक म्हटलेले आढळते. १९९७ मध्ये पॉली व ॲडलर या दोघांना मिळून एमी पुरस्कार देण्यात आला. बिनतारी नियंत्रण प्रथम संचावर आणण्याचे श्रेय पॉली यांना आणि ते बाजारात टिकेल असे करण्याचे श्रेय ॲडलर यांना देणे, ही मांडणी अधिक न्याय्य वाटते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तर पॉली यांचा मार्गच पुढे फळला, कारण केबल बॉक्सपर्यंत पोहोचली ती प्रकाशाची वाट, ध्वनीची नव्हे.

दोन रिमोटांचा प्रश्न : अमेरिकेतील जुन्या संचांचा व्हीएचएफ ट्यूनर (वाहिनी जुळवणारा भाग) २ ते १३ या बारा वाहिन्यांपुरता होता. केबलवरून त्याहून अधिक वाहिन्या येऊ लागल्या, तेव्हा मधल्या व वरच्या पट्ट्यांतील वाहिन्या संचाला झेपतील अशा एका ठरावीक वाहिनीवर, बहुधा ३ किंवा ४ वर, आणून देणारा परिवर्तक आवश्यक झाला. हाच केबल बॉक्सचा मूळ अवतार. पुढे सशुल्क वाहिन्यांचे संकेत उलगडण्याचे कामही त्याच्याकडे आले. परिणामी संच कायम ३ वर ठेवायचा आणि वाहिनी बॉक्सवर बदलायची, अशी रीत पडली. संचाच्या रिमोटवरची वाहिनीची बटणे जागच्या जागी निकामी झाली. उरले ते आवाज कमी-जास्त करणे आणि संच चालू-बंद करणे. सुरुवातीचे बॉक्स-नियंत्रक तारेने जोडलेले, बटणांच्या किंवा सरकपट्टीच्या स्वरूपाचे होते. साधारणपणे १९७० च्या दशकाची अखेर व १९८० च्या दशकाचा प्रारंभ या काळात संच व बॉक्स दोन्ही अवरक्त किरणांकडे वळले. माध्यम एक झाल्यामुळेच एका रिमोटने दोन्ही चालवणे प्रथमच शक्य झाले.

संकेतरचना : अवरक्त रिमोटच्या टोकाशी असलेला प्रकाशोत्सर्जक डायोड बहुधा ९४० नॅनोमीटरच्या जवळपास तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देतो. तो सलग पेटत नाही. सेकंदाला सुमारे ३६ ते ४० हजार वेळा उघडझाप करणाऱ्या वाहक कंप्रतेचे तुकडे पाडून त्यांतून ० व १ हे अंक (बिट) धाडले जातात. बॉक्समधील ग्राहक (रिसीव्हर) घटकात प्रकाशसंवेदी डायोड, प्रवर्धक व गाळणी एकत्र बसवलेली असते आणि ती नेमकी त्या कंप्रतेला जुळवलेली असते. खोलीतला दिवा किंवा ऊन यांचा उपद्रव टळतो तो यामुळे. कंप्रता थोडी चुकली तर आज्ञा पोहोचते, पण पल्ला घटतो. बँग अँड ओलुफसेन कंपनीने ४५५ किलोहर्ट्‌झची वाहक कंप्रता निवडल्यामुळे इतरांचे सर्वसाधारण रिमोट तिच्या उपकरणांपुढे निष्प्रभ ठरतात.

फिलिप्सच्या आरसी-५ या पद्धतीत एक आज्ञा १४ अंकांची असते : प्रारंभाचे दोन, पालटाचा एक, उपकरणाच्या पत्त्याचे पाच आणि आज्ञेचे सहा. म्हणजे ३२ प्रकारची उपकरणे व प्रत्येकासाठी ६४ आज्ञा. वाहक कंप्रता ३६ किलोहर्ट्‌झ असून प्रत्येक अंकाला १.७७८ मिलिसेकंद लागतात. सगळी आज्ञा २५ मिलिसेकंदांच्या आत संपते व बटण दाबून धरल्यास सुमारे ११४ मिलिसेकंदांनी पुन्हा जाते. पालटाचा अंक क्षुल्लक वाटला तरी त्याचे काम मोठे आहे. बटण सोडून पुन्हा दाबले की तो ० चा १ किंवा १ चा ० होतो. प्रेक्षकाने ११ क्रमांकाची वाहिनी मागितली की १ हे बटण जरा वेळ दाबून धरले आहे, हे बॉक्सला कळते ते एवढ्या एका अंकावरून. जपानच्या एनईसी पद्धतीत ९ मिलिसेकंदांचा दीर्घ स्पंद, ४.५ मिलिसेकंदांचा विराम आणि मग ३२ अंक अशी रचना असते. पत्ता व आज्ञा दोन्ही एकदा सरळ आणि एकदा उलटवून पाठवतात, म्हणजे चूक पकडता येते. सोनीच्या पद्धतीत ४० किलोहर्ट्‌झवर १२, १५ किंवा २० अंक असतात.

या पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत. टीव्हीच्या रिमोटने धाडलेली ‘वाहिनी पुढे’ ही आज्ञा बॉक्सच्या ग्राहकावरही पडते. पण पत्ता टीव्हीचा असल्याने बॉक्स ती सोडून देतो, आणि एकाच खोलीत दोन उपकरणे गोंधळावाचून नांदतात ती याच कारणाने. टीव्हीच्या रिमोटने बॉक्स चालेल की नाही, हे रिमोटच्या किमतीवर किंवा ताकदीवर ठरत नाही. बॉक्सची पद्धत व पत्ता रिमोटच्या स्मृतीत आहे की नाही, एवढ्यावरच ठरते.

संकेतसूची व शिकणारे रिमोट : बॉक्सचे संकेत रिमोटमध्ये आणण्याचे दोन उपाय आहेत. पहिल्यात निरनिराळ्या उत्पादकांचे संकेत कारखान्यातच भरलेले असतात आणि वापरणाऱ्याने तीन-चार अंकी सूचीक्रमांक टाकून हवा तो संकेतसंच निवडायचा असतो. दुसऱ्यात मूळ रिमोट समोर धरून त्याच्या स्पंदांच्या व विरामांच्या कालावधींची नोंद घेतली जाते. पहिला सार्वत्रिक (अनेक उपकरणांना चालणारा) रिमोट कोणता, याबाबत एकवाक्यता नाही. फिलिप्सने मॅग्नाव्हॉक्स या नावाखाली १९८५ च्या सुमारास काढलेल्या रिमोटचा उल्लेख बहुधा होतो. त्याच काळातील जनरल इलेक्ट्रिकचा शिकणारा रिमोटही हा मान सांगतो. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या सीएल ९ कंपनीचा ‘कोअर’ १९८७ चा. तो पहिला नसला तरी शिकणाऱ्या रिमोटांत लक्षणीय आहे. टीव्हीच्या रिमोटवर ‘केबल’ अथवा ‘सॅट’ अशी निवडकळ आली ती संकेतसूचीच्या परंपरेतून. शिकणारा रिमोट तत्त्वतः श्रेष्ठ असला, तरी त्याला हरवलेल्या रिमोटची जागा घेता येत नाही, कारण शिकण्यासाठी मूळ रिमोट हाताशी लागतो. सूचीचा मार्ग रुजला त्याचे हे एक सबळ कारण मानता येईल.

सूचीतील क्रमांक अचूक असूनही काही बटणे न चालणे नेहमीचे आहे. एकाच उत्पादकाच्या दोन पिढ्यांतील बॉक्सचे अंक व बाणांची बटणे जुळतात, पण रेकॉर्डिंग किंवा कार्यक्रमपत्रिकेची जुळत नाहीत. अशा वेळी त्याच नावाखालचा पुढचा क्रमांक टाकून पाहावा लागतो. ‘केबल’ कळ दाबलेली असतानाही आवाजाची आज्ञा टीव्हीकडेच जावी, अशी सोय चांगल्या रिमोटांत असते. जुन्या रिमोटांत घट काढले की टाकलेला क्रमांक पुसला जाई. टिकाऊ स्मृती आल्यावर ही कटकट मिटली. डायोड पेटतो की नाही हे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहता येते. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा अवरक्त रोखणारी गाळणी असते, म्हणून समोरचा वापरावा. प्लाझ्मा पडद्यांतून निघणाऱ्या अवरक्त प्रकाशाने शेजारच्या बॉक्सचा ग्राहक गोंधळल्याची उदाहरणे आहेत.

चालू-बंदची अडचण : अवरक्त संवाद एकतर्फी आहे. आज्ञा पोहोचली की नाही, बॉक्स सध्या चालू आहे की बंद, यांपैकी काहीही रिमोटला कळत नाही. त्यातच बहुतेक बॉक्सना चालू व बंद यांसाठी एकच संकेत असतो. एका बटणाने संच व बॉक्स एकदम चालू करू पाहिले आणि बॉक्स आधीच चालू असला, तर तो बंद होतो. पुन्हा दाबले की संच बंद आणि बॉक्स चालू. यावर खरा उपाय चालूसाठी व बंदसाठी वेगळे संकेत ठेवणे हाच आहे. तो उत्पादकाच्या हातचा आहे. पुष्कळ बॉक्समध्ये तसे संकेत नसतात, ही या सोयीतली सर्वांत मोठी उणीव होय.

एचडीएमआयमार्गे नियंत्रण : डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचे पहिले विनिर्देश प्रसिद्ध झाले. त्यातील सीईसी ही नियंत्रणवाहिनी जोडणीच्या १३ क्रमांकाच्या पिनवरून चालते व तिची मुळे युरोपातील एव्ही.लिंक या मानकात आहेत. येथे संवाद दुतर्फा असतो. संचाचा तार्किक पत्ता ०. ट्यूनर प्रकारच्या उपकरणांसाठी ३, ६, ७ व १० हे पत्ते राखलेले आहेत. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबले की संच ‘बटण दाबले’ व ‘बटण सोडले’ असे दोन संदेश बॉक्सच्या पत्त्यावर पाठवतो. रिमोटला बॉक्सविषयी काही ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. सॅमसंग यालाच ॲनीनेट+, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिंपलिंक आणि पॅनासॉनिक व्हिएरा लिंक म्हणते. नावे निराळी असली तरी पाया एकच आहे. मात्र सीईसी ऐच्छिक आहे. केबल कंपन्यांनी दिलेल्या अनेक बॉक्समध्ये ती नसते किंवा बंद ठेवलेली असते, आणि असली तरी कोणती बटणे मानायची हे बॉक्सच ठरवतो. यामुळे संचाच्या उत्पादकांनी अलीकडे पुन्हा अवरक्ताची कास धरली आहे : एचडीएमआयवरून येणाऱ्या माहितीतून संच बॉक्सची ओळख पटवतो आणि योग्य संकेतसंच आपल्या रिमोटमध्ये आपोआप भरतो.

कायदेशीर बाजू : अमेरिकेच्या १९९२ च्या केबल कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली. बॉक्ससोबत रिमोट भाड्याने देणाऱ्या कंपनीने, बाजारातून रिमोट विकत घेता येतो हे ग्राहकाला कळवले पाहिजे, आपल्या बॉक्सला कोणते रिमोट चालतात ते सांगितले पाहिजे, आणि बाजारातील रिमोट चालू नयेत अशी कोणतीही कृती करता कामा नये, अशी त्यातील तरतूद आहे. ग्राहकाच्या बाजूने इतक्या स्पष्टपणे लिहिलेले कलम या क्षेत्रात विरळाच. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर आलेल्या केबलकार्डने, म्हणजे वाहिन्यांचे संकेत उलगडणाऱ्या कार्डाने, बॉक्सच वगळण्याचा प्रयत्न केला. कार्ड संचात बसवले की वाहिन्या थेट टीव्हीच्या रिमोटवर येत.

रेडिओ रिमोट : काही नवे बॉक्स ब्लूटूथवर किंवा २.४ गिगाहर्ट्‌झच्या आरएफ४सीई या २००९ च्या मानकावर चालतात. त्यांचा रिमोट बॉक्सशी आधी जोडून घ्यावा लागतो, त्यामुळे टीव्हीचा अवरक्त रिमोट सूचीक्रमांक टाकूनही त्यांच्यापुढे चालत नाही. ज्या बॉक्समध्ये जोडीला अवरक्त ग्राहकही ठेवलेला असतो, तेथे जुनी पद्धत लागू पडते. कपाटात बंद ठेवलेल्या बॉक्सपर्यंत अवरक्त किरण पोहोचत नाहीत. तेथे उत्सर्जकाची तार आत नेऊन त्याचे टोक ग्राहकाच्या काळ्या खिडकीवर चिकटवतात.