मांजराची गृहशुश्रूषा (मराठवाडा)

गंभीर आजारी व अशक्त मांजराला घरीच ऊब, पाणी, अन्न आणि स्वच्छता पुरवून पशुवैद्याच्या उपचारांना जोड देण्याची पद्धत. मूळ आजार औषधाने बरा होतो. औषध लागू पडेपर्यंत प्राणी तगून राहावा, यासाठी ही शुश्रूषा असते. मराठवाड्यात तिचे महत्त्व अधिक आहे. परभणी व उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालये आणि तालुक्यातालुक्यांतले जनावरांचे दवाखाने प्रामुख्याने देवणी व लाल कंधारी गोवंश, म्हशी आणि उस्मानाबादी शेळी यांच्या गरजेतून वाढले. मांजराचा सराव असलेले डॉक्टर छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत भेटतात. खेड्यातल्या मांजराचे दोन उपचारांमधले सगळे दिवस घरच्या माणसांच्या हातात असतात.

मूळस्थान आणि शरीरधर्म : मांजराच्या आजारपणातल्या बऱ्याच अडचणी त्याच्या वंशातून येतात, म्हणून मूळस्थानाचा वाद येथे टाळता येत नाही. राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या प्रदेशांत ठिपकेदार वाळवंटी रानमांजर आढळते. भारतातील पाळीव मांजर निदान अंशतः त्याच्यापासून आले असावे, असे काही जुन्या प्राणिशास्त्रज्ञांना वाटे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र जगभरच्या पाळीव मांजरांचा वंश पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील रानमांजराच्या उपजातीशी जोडला, आणि आज तेच मत अधिक ग्राह्य धरले जाते. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले असून त्याचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्यावरून मांजर तेव्हाच पूर्ण माणसाळले होते असे म्हणता येत नाही. या प्रक्रियेत ईजिप्तचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. शुश्रूषेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की यांपैकी कोणतेही मत धरले तरी पूर्वज कोरड्या मुलखातलाच ठरतो. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते. ते बरेचसे पाणी भक्ष्यातूनच मिळवते आणि मूत्रपिंडे लघवी फार घट्ट करून पाणी राखतात. आजारात खाणे थांबले की पाण्याची ही वाटही बंद होते, आणि मांजर वाटीकडे वळतेच असे नाही.

दुसरा वारसा आहाराचा. टॉरिन हे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही; ते मांसातूनच यावे लागते, आणि दीर्घकाळ कमी पडल्यास दृष्टिपटल व हृदयाचे स्नायू बिघडतात. मराठवाड्यात शाकाहारी घरांतही मांजरे पिढ्यान्‌पिढ्या दूध-भाकरीवर वाढलेली दिसतात. त्यांना लागणारे मांस कणगीभोवतीचे उंदीर, पाली आणि पाखरे पुरवीत असतात. आजारी पडलेले मांजर शिकार करू शकत नाही. पुढ्यात नेहमीचीच दूध-भाकरी असते, पण आता खरोखर तेवढीच असते, आणि घरच्यांच्या लक्षात हा फरक येत नाही. त्यातच अनेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नसल्याने जुलाब होतात आणि उरलेले पाणीही जाते.

ऊब, पाणी, अन्न : क्रम हाच ठेवावा. निरोगी मांजराचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. अंग गार पडलेल्या मांजराचे आतडे नीट चालत नाही; तशात अन्न भरवले तर ते उलटते किंवा श्वासनलिकेत जाते. परभणीकडे थंडीत पारा काही वर्षी ५ अंशांखाली उतरतो. अशा वेळी वाकळीत गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली कुशीला द्यावी, मात्र मांजराला तिच्यापासून सरकता येईल एवढी जागा सोडावी. उघडी गरम बाटली अशक्त जिवाची कातडी भाजते. एप्रिल-मेमध्ये काळजी उलटी असते. पत्र्याखालची खोली सोडून त्याला माळवदाखालच्या किंवा कूलरच्या खोलीत, पण झोत थेट अंगावर येणार नाही असे ठेवावे. तोंड उघडे टाकून धापणारे मांजर कोणत्याही ऋतूत तातडीचे समजावे.

पाणी कमी झाल्याची खूण मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर दिसते : ती सावकाश बसते, आणि हिरड्या चिकट लागतात. अगदी रोड किंवा म्हाताऱ्या मांजरात कातडीची खूण फसवी ठरते, तेथे हिरड्यांवर अधिक भरवसा ठेवावा. ३ किलोच्या मांजराला दिवसाला अन्नातले धरून सुमारे १५० ते १८० मिलि. पाणी लागते. कातडीखाली सलाइन देण्याची पद्धत डॉक्टरांकडून शिकून घेतल्यास घरी करता येते. रिंगर लॅक्टेट ही क्षारयुक्त सलाइन खांद्यांमधल्या सैल कातडीखाली सोडतात. तेथे आलेला फुगवटा काही तासांत जिरतो. प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे, कारण हृदयविकार असलेल्या मांजराच्या छातीत यामुळे पाणी साठू शकते. ग्लुकोजची साधी सलाइन मात्र अशी कातडीखाली देऊ नये.

अन्नाचा प्रश्न सर्वांत नाजूक. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराची चरबी वितळून यकृतात साचू लागते. लठ्ठ मांजरात हे अधिक होते. कान, टाळू आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळे दिसू लागतात, आणि मूळ आजार किरकोळ असूनही मांजर दगावते. उपवासाने पोट साफ होते हा माणसांचा समज मांजराला लावणे म्हणूनच घातक आहे. बळेच भरवावे की नाही, यावर मात्र दोन मते आहेत. जुना प्रघात सिरिंजने भरवण्याचा. अलीकडे अनेक पशुवैद्य म्हणतात, की बळजबरीने मांजराला त्या अन्नाचीच किळस बसते आणि फुफ्फुसात अन्न जाण्याचा धोका राहतो, म्हणून नाकातून किंवा मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवावी. जेथे सोय आहे तेथे नळीचाच मार्ग चांगला, विशेषतः आजार लांबणार असेल तर. सोय गाठेपर्यंतचे एक-दोन दिवस सिरिंजने निभावता येतात. मांजर शुद्धीवर हवे आणि स्वतः गिळणारे हवे. सुळ्यामागच्या फटीतून, डोके वर न उचलता, अर्धा-एक मिलि. सोडावे आणि गिळल्याशिवाय पुढचा घोट देऊ नये. अन्नाचा वास येताच लाळ गाळून मान फिरवणारे मांजर हट्टी नसते. त्याला मळमळत असते, आणि आधी मळमळीचे औषध लागते.

३ किलोच्या मांजराची विश्रांतीतील दिवसाची ऊर्जेची गरज सुमारे १६० किलोकॅलरी धरतात. बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिल्या दिवशी तिचा चौथा ते तिसरा हिस्सा द्यावा आणि तीन-चार दिवसांत पूर्ण प्रमाणावर यावे. एकदम पोटभर दिल्यास रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम झपाट्याने उतरतात. उकडलेली बिनहाडाची कोंबडी तिच्याच पाण्यात मिक्सरमधून काढून कोमट द्यावी. कांदा, लसूण अजिबात नको : दोहोंनी मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि घरातल्या रश्शात ते हमखास असतात. दुकानात मिळणारे आजारी मांजराचे तयार खाद्य अधिक सोयीचे.

औषधे व घरगुती उपाय : मांजराच्या यकृतात काही द्रव्ये बांधून बाहेर टाकणारी क्षमता अपुरी असते. म्हणून पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही ते दगावू शकते. हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा व पंजे सुजतात. तापाची गोळी पाव करून देणारे लोक प्रेमापोटीच देतात, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कुत्र्यासाठीची परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेली गोचिडाची औषधे, डांबरगोळी, रॉकेल आणि काळे फिनाईल हेही वर्ज्य. जखमेत अळ्या पडल्यास गुराढोरांना टर्पेंटाइन किंवा सीताफळाच्या पाल्याचा रस लावण्याची रीत आहे. बैलाच्या जाड कातडीवर चाललेला उपाय मांजराला लावू नये, कारण ते अंग चाटते आणि लावलेले सगळे पोटात जाते. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुऊन, दिसतील त्या अळ्या चिमट्याने काढून दवाखाना गाठावा.

उलट्या-जुलाबांनी पिल्ले झपाट्याने मरतात त्यामागे अनेकदा मांजरांचा पार्व्होविषाणू असतो. लसीने तो टळतो. हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. ब्लीचचा सौम्य द्राव फरशीवर दहा मिनिटे ठेवून मग स्वच्छ पाण्याने पुसावे. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, तेव्हा घरी काहीही करत बसू नये. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत जीव जातो.

शुश्रूषा करणाऱ्याची सुरक्षितता : लाळ गळणारे, गिळू न शकणारे, चालताना झोकांड्या खाणारे किंवा एकाएकी अंगावर येणारे मांजर पिसाळलेले असू शकते, त्याच्या तोंडात बोट वा सिरिंज घालू नये. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजप्रतिबंधक लस सुरू करावी. हळद-चुना लावू नये.

अखेरची अवस्था : सुधारणा न होता वेदना वाढत गेल्यास पशुवैद्याकडून वेदनारहित मरण देता येते. त्याविषयी अपराधी वाटण्याचे कारण नाही. उपचार थांबवून नुसते पडू देणे त्याहून कष्टाचे असते. मेलेले मांजर शेतात मीठ घालून पुरण्याची चाल आहे. खड्डा विहीर व ओढ्यापासून लांब आणि कुत्र्यांनी उकरू नये इतका खोल असावा. संसर्गाने मेलेल्याचे अंथरूण जाळावे, आणि त्या घरात नवे पिल्लू लस पूर्ण झाल्यावरच आणावे.