सूर्यातला हेलियम दिसत का नव्हता?

ऑगस्टचा दुसरा आठवडा उलटला की माझ्या फोनवर एकच मजकूर चार-पाच गटांतून येऊन पडतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियमचा शोध लागला, असा त्याचा आशय. सोबत किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’चा फोटो. त्या दिवशी गडावर हेलियम दिन साजरा होतो, शाळेची मुलं येतात. मुलं विज्ञानाच्या निमित्ताने किल्ला चढतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या मजकुरात माणूस आणि साल यांची चुकीची गाठ मारलेली आहे. ती सोडवायला हवी, कारण खरी हकिगत त्याहून सरस आहे.

१८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये होता. युद्ध खात्यात कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात सूर्याचा अभ्यास, असा त्याचा दिनक्रम. त्या ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकणावरून गेला होता हे खरं, पण भर ऑगस्टात कोकण किनाऱ्यावर दुर्बीण लावायला कोण येईल? पावसाला चुकवून निरीक्षक घाटापलीकडे गेले. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला, तर फ्रान्सचा जान्सेन आणि इंग्रज अधिकारी टेनंट थेट आंध्रात गुंटूरला. जमखंडीलाही ढगांनी छळलंच. गुंटूरला मात्र आकाश उघडं मिळालं. काळ्या चंद्रबिंबाच्या कडेला ज्या तांबड्या ज्वाळा दिसतात त्यांचा प्रकाश जान्सेनने वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणाऱ्या यंत्रातून पाहिला, तेव्हा त्याला सलग इंद्रधनुष्य दिसलं नाही, सुट्या चकचकीत रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही दिसतील असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने यंत्र लावलं आणि खरोखरच त्या दिसल्या.

लॉकियरला हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती, पण त्याचं यंत्र तयार व्हायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्याने लंडनमध्ये, ग्रहणाविना, त्याच रेषा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे कोरलेलं एकच पदक काढलं. विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार आवडतो.

लॉकियर विजयदुर्गाला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. थंडीचे दिवस, निरभ्र आकाश, समुद्रात ‘मेलपोमिनी’ ही इंग्रज युद्धनौका आणि तिच्या खलाशांना त्याने निरीक्षणासाठी दिलेली तालीम. ओटे त्या मोहिमेचे. त्याच दिवशी पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला मुक्काम ठोकून होते आणि त्यांनीही सूर्यकडेच्या वर्णपटाची छायाचित्रं घेतली. एका हिंदी माणसाने स्वतः आखलेली, स्वतः पार पाडलेली ग्रहणमोहीम आपल्या मातीत झाली आणि तिच्याबद्दल कोणी एक मजकूर पुढे पाठवत नाही! तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडलेला होता. १८९५ साली विल्यम रॅम्झेला तो युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत मिळाला.

हा झाला इतिहास. मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल. सूर्याच्या वस्तुमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा हेलियम आहे. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास मोजायला घेतल्या, शेकड्यांनी नोंदवल्या. लोखंड, सोडियम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सगळ्यांनी तिथे आपापली सही केलेली आहे. मग चौथा हिस्सा मालकी असलेल्या हेलियमची सही त्या कागदावर का नव्हती? त्याला शोधायला सूर्याच्या कडेवरच का जावं लागलं?

आधी सही म्हणजे काय ते बघू. गॅसवर भात उतू गेला की निळी ज्योत एकदम पिवळी होते. भाताच्या पाण्यातलं मीठ ज्योतीत गेलेलं असतं आणि मिठातला सोडियम तापला की एका ठरावीक पिवळ्या रंगाचा प्रकाश देतो. मीठ सांभरचं असो की मिठागरातलं, रंग तोच. कारण अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तिथे राहता येत नाही. त्याला ठरलेले मजले असतात. वरच्या मजल्यावरून खाली आला की दोन मजल्यांमधल्या फरकाइतकी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, आणि वर जायचं असेल तर नेमका तेवढाच प्रकाश गिळावा लागतो. म्हणून तापलेला विरळ वायू चकचकीत रेषा देतो. तोच वायू एखाद्या जास्त तप्त, सलग प्रकाश देणाऱ्या गोष्टीसमोर आला की त्याच जागी काळ्या रेषा पडतात. किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९ साली हायडेलबर्गला ही भाषा लावून दिली. त्याच्या चोवीसच वर्षं आधी ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं होतं की ताऱ्यांचं रासायनिक घटन माणसाला कधीही कळणार नाही.

आता सोडियमची पिवळी रेषा आणि हेलियमची पिवळी रेषा शेजारी ठेवा. सोडियमची जोडी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, हेलियमची ५८७.६ वर. फरक इतका थोडा की १८६८ च्या ग्रहणात ती पिवळी रेषा पाहणाऱ्यांना आधी सोडियमच वाटला. ती सोडियमच्या जागेवर नाही हे लॉकियरने नेमकं मोजून दाखवलं आणि ग्रीक सूर्यदेव हेलिओसवरून नाव आलं हेलियम. रंग जवळजवळ सारखा, म्हणजे इलेक्ट्रॉनची उडीही सारखीच, सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टची (अणूंच्या जगात ऊर्जा मोजायचं हे माप). या उडीला आपण एक मजला म्हणू. पण सोडियमचा इलेक्ट्रॉन ही उडी जमिनीवरून मारतो. हेलियमचा इलेक्ट्रॉन तीच उडी दहाव्या मजल्यावरून अकराव्यावर मारतो. खालचे नऊ मजले त्याच्या घरात नाहीतच. जमिनीवरून निघाला की पहिलं टेकायचं ठिकाण २० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास.

सगळं कोडं इथे आहे. पिवळा प्रकाश गिळायचा तर हेलियमचा इलेक्ट्रॉन आधीच दहाव्या मजल्यावर उभा असला पाहिजे. त्याला तिथवर नेणार कोण? सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन. या तापमानाला अणूंच्या धडकांमधून जी ऊर्जा सहज मिळते ती अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे पाव मजल्याची. कधीतरी लागोपाठ नशिबाच्या धडका बसून एखादा अणू वर जातो, पण असे किती? याचं गणित बोल्ट्झमनने दिलं. त्यात हवी असलेली ऊर्जा भागिले तापमान हा भागाकार घातांकात बसतो, उणे चिन्हासह. घातांकात बसल्यामुळे ऊर्जा दुप्पट झाली की अणूंचं प्रमाण निम्मं होत नाही, त्या प्रमाणाचा वर्ग होतो. डोळ्यांना दिसणाऱ्या हायड्रोजनच्या रेषांसाठी १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर उभं असावं लागतं. सूर्यावर साधारण अठरा कोटी हायड्रोजन अणूंमागे एक तिथे सापडतो. हेलियमला २१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे दुप्पट. तिथे एकावर सतरा शून्यं मांडावीत एवढ्या अणूंमागे एखाददुसरा. सगळा हेलियम जमिनीवर मांडी घालून बसलेला. समोरून पिवळा प्रकाश बिनअडथळा निघून जातो आणि वर्णपटावर ओरखडाही उठत नाही. जमिनीवरून थेट उडी मारायला लागणारा प्रकाश इतका अतिनील आहे की सूर्याच्या पृष्ठभागातून तो जवळजवळ निघतच नाही आणि जो थोडा वरच्या थरांतून निघतो तो आपल्या हवेतून खाली येत नाही.

मग ग्रहणात कडेला ती रेषा चमकली कशी? सूर्याचं सर्वांत बाहेरचं आवरण, प्रभामंडल, दहा लाख अंशांच्याही वर तापलेलं आहे. त्याचा क्ष-किरणांकडे झुकणारा अतिनील प्रकाश खाली वर्णावरणातल्या, म्हणजे पृष्ठभागालगतच्या विरळ थरातल्या हेलियमवर पडतो आणि इलेक्ट्रॉनला घरातूनच बाहेर काढतो. तो इलेक्ट्रॉन पुन्हा आत शिरतो तो गच्चीवरून, आणि एकेक मजला उतरत येतो. अकराव्यावरून दहाव्यावर येताना पिवळा प्रकाश. प्रभामंडल एवढं तापलेलं आहे हे १९४० च्या आसपास कळलं. लॉकियरने पाहिलेल्या रेषेचं कारण समजायला सत्तर वर्षं जावी लागली.

याच ज्वाळांवरून एक सांगतो. ग्रहणाचे वेध धरून शिजलेलं अन्न टाकून देणं आणि गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास उपाशी बसवणं अजून आपल्या घरांत चालतं. हल्ली त्याला ‘ग्रहणकाळात सूर्यातून वेगळे किरण निघतात’ असा शास्त्रीय मुलामा देतात. जान्सेनने गुंटूरला दुसऱ्याच सकाळी याचा निकाल लावला होता. ग्रहणात दिसलेला प्रकाश ग्रहण नसतानाही येतच होता, रोज येतो, फक्त लख्ख बिंबापुढे तो आपल्याला दिसत नाही. चंद्र मध्ये आल्याने सूर्य काही वेगळं करत नाही. उघड्या डोळ्यांनी बिंबाकडे पाहू नये हे खरं, पण ते कोणत्याही दिवशी खरं आहे. पोटातल्या बाळाचा आणि भाताच्या पातेल्याचा ग्रहणाशी काही संबंध नाही.

रेषा ठळक म्हणजे ते द्रव्य जास्त, असं शंभर वर्षांपूर्वी जवळपास सगळेच धरून चालत. सूर्याच्या दिसणाऱ्या वर्णपटात सर्वांत रुंद रेषा कॅल्शिअमच्या आहेत, तेही एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शिअमच्या. प्रत्यक्षात हायड्रोजनच्या साधारण साडेचार लाख अणूंमागे कॅल्शिअमचा एक. ही फसगत उघड होण्याचा रस्ता मेघनाद साहांनी १९२० साली दाखवला. अणूंचं आयनीभवन, म्हणजे त्यांच्यातून इलेक्ट्रॉन सुटणं, तापमानावर जसं अवलंबून असतं तसंच दाबावरही, हे त्यांचं मर्म. जत्रेत आईचा हात सुटलेलं पोर गर्दीत कोणा ना कोणाच्या हाती लागतंच. मोकळ्या माळावर मात्र ते हिंडतच राहतं. विरळ वायूत सुटलेल्या इलेक्ट्रॉनचं तसं होतं, त्याला धरायला कोणी भेटत नाही. म्हणून सूर्याच्या वरच्या विरळ थरात तुलनेने कमी तापमानालाही कॅल्शिअमने इलेक्ट्रॉन गमावलेला असतो.

साहांचं समीकरण हाती घेऊन सेसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीने हार्वर्डच्या छायाचित्रणाच्या काचांवर टिपलेले ताऱ्यांचे वर्णपट उलगडले. १९२५ च्या प्रबंधात तिला उत्तर मिळालं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. हेन्री नॉरिस रसेल या मातब्बर खगोलज्ञाने हे अशक्य आहे असं कळवलं, आणि तिने स्वतःच्याच निष्कर्षापुढे ‘हे जवळजवळ नक्कीच खरं नसावं’ असं लिहिलं. चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोहोचला आणि तिचं काम त्याने मान्य केलं. ते वाक्य तिला लिहावं लागलं, याचं वाईट मला आजही वाटतं.

हे सगळं थंडीच्या रात्री गच्चीवरून एकाच दिशेला दिसतं. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण बघा. ते तारे पंचवीस ते तीस हजार अंशांचे. तिथे हेलियमचे पुरेसे अणू दहाव्या मजल्यावर असतात, आणि त्यांच्या वर्णपटात हेलियमच्या काळ्या रेषा स्वच्छ उमटतात. बाणाची रेषा खाली वाढवली की व्याध लागतो, सुमारे दहा हजार अंशांचा. तिथे हेलियम गायब आणि हायड्रोजन जोरात. मृगाच्या वरच्या अंगाला तांबूस काक्षी, जिला पुष्कळजण आर्द्रा म्हणतात. तिचं तापमान साडेतीन हजार, आणि वर्णपटात टायटॅनिअम ऑक्साइडच्या रेणूंचे पट्टेच्या पट्टे. तिन्हीकडचा माल मुख्यतः तोच, हायड्रोजन आणि हेलियम.

सूर्यातला हेलियम अखेर मोजला गेला तो प्रकाशाने नव्हे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच-पाच मिनिटांच्या लयीत खालीवर होतो, कारण त्याच्या पोटात ध्वनिलहरी फिरत असतात. पृष्ठभागाखाली दहा-पंधरा हजार किलोमीटरांवर एक थर आहे, जिथे हेलियमचा उरलेला दुसरा इलेक्ट्रॉनही सुटतो. तिथे उष्णता तापमान वाढवण्याऐवजी इलेक्ट्रॉन सोडवण्यात खर्ची पडते, त्यामुळे ध्वनीचा वेग बदलतो आणि लहरींच्या लयीत त्याची खूण राहते. हेलियम जितका जास्त तितकी खूण खोल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एच. एम. अंतिया आणि तिथेच शिकलेल्या सर्बाणी बसू यांनी ही खूण वाचून बाहेरच्या भागातलं हेलियमचं प्रमाण काढलं. ते वस्तुमानाच्या पंचवीस टक्क्यांना किंचित कमी भरतं.