भंगारजन्य पोलाद : यांत्रिक गुणधर्मांचे प्रतिमान

भंगार वितळवून केलेल्या पोलादाचे यील्ड (ज्या ताणाला कायमचे विरूपण सुरू होते तो), ताणबल (तुटण्याआधी पेलला जाणारा कमाल ताण) आणि तन्यता (तुटण्याआधी लांबण्याची क्षमता) हे गुण त्याच्या रासायनिक घटकांवरून व सूक्ष्मरचनेवरून गणिताने वर्तवण्याची पद्धत. धातुविज्ञान व यंत्र अभियांत्रिकीतील पीएच.डी. संशोधनात हा विषय अलीकडे पुढे आला आहे. जगातील कार्बन डाय-ऑक्साइडच्या उत्सर्जनात पोलाद उद्योगाचा वाटा सुमारे 7 टक्के धरला जातो. झोतभट्टीऐवजी भंगारावर चालणारी विद्युत भट्टी वापरली तर दर टनामागचे उत्सर्जन पुष्कळ घटते. केंद्र सरकारने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली. तीनुसार तयार पोलादाच्या टनामागे 2.2 टनांहून कमी कार्बन डाय-ऑक्साइड तुल्य उत्सर्जन अपेक्षित आहे.

अशा प्रतिमानांचा पाया म्हणजे हॉल–पेच संबंध. स्फटिककण जितके बारीक तितके यील्ड जास्त, आणि ही वाढ कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात होते. हॉल यांनी 1951 मध्ये मृदू पोलादाच्या यील्डसाठी आणि पेच यांनी 1953 मध्ये भंगबलासाठी (तुकडा तुटायला लागणाऱ्या ताणासाठी) तो मांडला. दोघांची वाट स्वतंत्र असल्याने श्रेय जोडनावाने देण्याचा प्रघात योग्यच म्हणावा लागेल. कारणमीमांसेबाबत मात्र एकमत नाही. मूळ स्पष्टीकरणानुसार डिस्लोकेशन (स्फटिकरचनेतील रेषीय दोष) कणसीमेपाशी एकामागे एक अडून राहतात आणि त्यांचा साठलेला ताण शेजारच्या कणात विरूपण सुरू करतो. ली यांनी 1963 मध्ये कणसीमेलाच डिस्लोकेशनचा उगम मानले. ॲशबी यांनी 1970 मध्ये शेजारी कणांच्या विरूपणाचा मेळ राखण्यासाठी लागणाऱ्या जादा डिस्लोकेशनवर भर दिला. डन्स्टन व बुशबी यांनी 2010 च्या दशकात जुनी आकडेवारी पुन्हा तपासली आणि वर्गमुळाचा घातांकच तिच्यातून निर्विवादपणे सिद्ध होत नाही असे दाखवले. हा आक्षेप दखल घेण्याजोगा आहे. तरी कारखान्यातील पोलादाचे कण बहुधा 5 ते 50 मायक्रोमीटरच्या टापूत असतात आणि तेवढ्या पल्ल्यात वर्गमुळाचे सूत्र पुरेसे काम देते.

पिकरिंग व ग्लॅडमन यांनी 1960 च्या दशकात फेराइट (जवळजवळ शुद्ध लोखंडाचे कण) व पर्लाइट (फेराइट आणि लोह कार्बाइडचे एकाआड एक थर) असलेल्या फेराइट–पर्लाइट पोलादासाठी बसवलेल्या समीकरणात मँगॅनीज, सिलिकॉन, मुक्त नायट्रोजन आणि कणव्यास यांची पदे आहेत. कणव्यास मिलिमीटरमध्ये घेतला तर त्याच्या पदाचा गुणक 17.4 येतो. म्हणजे 20 मायक्रोमीटरच्या कणांपासून यील्डमध्ये सुमारे 123 मेगापास्कलची (ताणाचे एकक) भर पडते, 5 मायक्रोमीटरच्या कणांपासून 246 ची. या समीकरणात तांब्याचे व कथिलाचे पदच नाही, आणि भंगारजन्य पोलादाला ते जसेच्या तसे लावताना खरी अडचण इथेच येते. शिवाय हा गुणक सर्व पोलादांत सारखा नसतो. अतिशुद्ध लोखंडात तो लहान असतो आणि दशलक्षांशांत मोजावा इतका कार्बन कणसीमेवर जमला तरी लक्षणीय वाढतो. टीएमटी सळईत तर वरचे कडे टेम्पर्ड मार्टेन्साइटचे (झटकन थंड होऊन बनलेली आणि आतल्या उष्णतेने थोडी सौम्य झालेली कठीण रचना) आणि गाभा फेराइट–पर्लाइटचा असतो. समीकरण फक्त गाभ्यापुरते लागू पडते.

तांबे लोखंडापेक्षा कमी ऑक्सिडीभूत होते, त्यामुळे भट्टीतल्या नेहमीच्या शुद्धीकरणात ते निघत नाही. पुनर्वापराच्या दर फेरीत साठत जाते. लाटणीआधी तापवताना लोखंड जळून खपली बनते आणि मागे राहिलेले तांबे खपलीखाली गोळा होते. 1085 अंश सेल्सिअसच्या वर ते वितळून ऑस्टेनाइटच्या (तापलेल्या पोलादाची स्फटिकरचना) कणसीमांत शिरते व पृष्ठभागाला भेगा पडतात. ही तप्त भंगुरता. कथिल ती वाढवते, निकेल कमी करते. स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता केलेले लोखंड) मिसळून तांबे विरळ करता येते, पण भारतात ते मुख्यतः कोळशावर बनते आणि उत्सर्जन पुन्हा चढते. सळईत सुमारे 0.4 टक्के तांबे चालून जाते. खोल ओढाईच्या (साच्यात दाबून खोलगट भाग बनवण्याच्या) पत्र्यात मात्र 0.06 टक्क्यांच्या आसपास थांबावे लागते.

हा फरक नाशिकला थेट लागू पडतो. सातपूर, अंबड व सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनतात. प्रेस शॉपमध्ये उरणारी पत्र्याची कतरण हे सर्वांत स्वच्छ भंगार. तिची रासायनिक घडण आधीच ठाऊक असते. तीच कतरण वायरिंगसकट दाबलेल्या जुन्या गाड्यांच्या ढिगात मिसळली की तिची किंमत सळईपुरती उरते. ती वेगळी ठेवणे हा प्रतिमान सुधारण्याचाही सर्वांत स्वस्त उपाय आहे, कारण आत काय गेले हे नक्की कळते. इंडक्शन भट्ट्या व लाटणी गिरण्यांचा मोठा जमाव जालन्यात आहे. नाशिकच्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संशोधक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे पीएच.डी.साठी नोंदणी करतात.

1990 च्या दशकापासून धातुशास्त्रज्ञ भदेशिया व सहकाऱ्यांनी केंब्रिज येथे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रीत) वापरून पोलादाच्या व वेल्डच्या गुणधर्मांची प्रतिमाने केली. ही रीत तांब्यासारखे नवे घटक सहज सामावते. मात्र ज्या रासायनिक पल्ल्यातल्या हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला माल) तिला दाखवल्या त्याबाहेर तिचे भाकीत भरवशाचे राहत नाही. म्हणून प्रत्येक हीटचे तांबे, कथिल व निकेल स्पेक्ट्रोवर (वर्णपटावरून घटक मोजणारे यंत्र) मोजून कणव्यासासह नोंदणे आवश्यक ठरते. आयएस 1608 या भारतीय मानकानुसार खोलीच्या तापमानाला घेतलेल्या ताणचाचणीत तप्त भंगुरता दिसत नाही. तिच्यासाठी नमुना हवेत तापवून, खपली धरू देऊन, त्याच तापमानाला वाकवावा किंवा ताणावा लागतो.